एनव्ही हिऱ्याचा प्रयोग मांडायचा, तर खर्च किती?

आमच्या विभागात कुणी पाहुणा आला आणि टेबलावर लालसर उजळलेला तो कण त्याने पाहिला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हिरा केवढ्याला पडला?" आता हाच प्रश्न फोनवरही येतो. २०२४ च्या अखेरीस एआयसीटीई आणि राष्ट्रीय क्वांटम मिशनने पदवीसाठी क्वांटम तंत्रज्ञानाच्या मायनरचा अभ्यासक्रम जाहीर केला. तेव्हापासून कुणा प्राध्यापकाला आपल्या महाविद्यालयात एखादा खरा क्वांटम प्रयोग उभा करायचा असतो, आणि थंड करण्याची यंत्रणा न लागता साध्या टेबलावर चालणारा प्रयोग म्हटला की हिऱ्याचंच नाव पुढे येतं. त्या सगळ्यांना मी जे फोनवर सांगतो, तेच इथे सविस्तर लिहितो. किमती अंदाजाच्या आहेत. डॉलर ९० रुपये धरला आहे. ऑर्डर देण्याआधी ताजं कोटेशन घ्याच.

उत्तर आधी सांगतो. शिकवण्यासाठीचा प्रयोग चाळीस ते पंचाहत्तर हजारांत उभा राहतो. बऱ्यापैकी मोजमाप करणारी संशोधनाची मांडणी पंधरा ते चाळीस लाखांत होते. एकेकटं रंगकेंद्र पाहायचं असेल तर साठ लाख ते सव्वा कोट लागतात. आणि शून्याखाली दोनशे सत्तर अंशांच्या आसपासचं काम करायचं असेल, तर हिशेब कोटींतच सुरू होतो. यातली पहिली मांडणी सोडली, तर हिरा हा बिलातला लहान आकडा असतो. पैसा जातो तो प्रकाशात आणि मायक्रोवेव्हमध्ये.

आपण विकत काय घेतो

हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची घट्ट जाळी. त्या जाळीत एका जागी कार्बनऐवजी नायट्रोजन बसला, आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली, की त्या जोडगोळीला एनव्ही केंद्र म्हणतात; हिऱ्यातल्या रंगकेंद्रांपैकी हे एक. त्याच्याकडे एक जादा इलेक्ट्रॉन आला की ते आपल्या कामाचं होतं. हिरवा प्रकाश टाका, ते लाल उजळतं. ६३७ नॅनोमीटरला एक बारीक रेघ आणि तिथून पुढे ८०० पर्यंत पसरलेला लाल पट्टा. गंमत अशी की त्या इलेक्ट्रॉनांचा स्पिन कोणत्या अवस्थेत आहे, यावर लाल प्रकाश थोडा कमी-जास्त होतो. २.८७ गिगाहर्ट्झचा मायक्रोवेव्ह दिला की स्पिन पलटतो आणि प्रकाश किंचित मंदावतो. मायक्रोवेव्हची वारंवारता सरकवत नेली तर आलेखावर बरोबर त्या जागी एक खळगा दिसतो. जवळ चुंबक आणला की तो खळगा दुभंगतो, गॉसमागे २.८ मेगाहर्ट्झने दोन्हीकडे सरकतो. या पद्धतीला ओडीएमआर म्हणतात. १९९७ मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी एकट्या एनव्ही केंद्रावर हे करून दाखवलं, आणि या क्षेत्राची खरी सुरुवात तिथून झाली.

म्हणजे पैसे मोजायचे ते या दोषांसाठी. सराफाच्या डोळ्याला जो हिरा निर्मळ, तो आपल्याला अनेकदा निरुपयोगी असतो.

खडा: कोणता आणि कितीचा

सगळ्यात स्वस्त म्हणजे चूर्ण. एचपीएचटी, म्हणजे प्रचंड दाब आणि उष्णतेत घडवलेला कृत्रिम हिरा, नायट्रोजनमुळे पिवळा असतो. त्यात नायट्रोजनचे अणू साधारण दहा लाखांत शंभर-दोनशे. असे कण इलेक्ट्रॉनांच्या झोताखाली ठेवून नंतर तापवले की त्यांत भरपूर एनव्ही तयार होतात. अमेरिकेतल्या रॅले इथली अॅडामस नॅनोटेक्नॉलॉजीज ही कंपनी असे तयार कण विकते, नॅनोमीटरपासून दीडशे मायक्रॉनपर्यंत. शिकवण्यासाठी मोठे, दीडशे मायक्रॉनवाले घ्या. ते साखरेच्या बारीक कणाएवढे असतात, चिमट्याने उचलता येतात आणि एकेक कण हा स्वतंत्र स्फटिक असल्याने चुंबक जवळ आणल्यावर खळगे वेगळे दिसतात. नॅनोकणांचं चूर्ण घेतलं तर प्रत्येक कण वेगळ्या दिशेला तोंड करून बसतो आणि चुंबक आणताच सगळं चित्र पुसट होतं. छोटी कुपी कुरियर, सीमाशुल्क धरून दहा ते पंचवीस हजारांत हातात पडते आणि तिच्यात वर्षानुवर्षं पुरतील एवढे कण असतात.

त्याच्या वरची पायरी म्हणजे सीव्हीडीने, म्हणजे वायूतून थरावर थर चढवत, वाढवलेली एकस्फटिक पट्टी. एलिमेंट सिक्सच्या दोन पट्ट्या या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहेत: डीएनव्ही-बी१ आणि डीएनव्ही-बी१४. दोन्ही ३ बाय ३ मिलिमीटर, जाडी अर्धा मिलिमीटर. पहिलीत नायट्रोजन दहा लाखांत ०.८ च्या आसपास आणि एनव्ही ०.३, दुसरीत नायट्रोजन १३ आणि एनव्ही ४.५. दुसरी जास्त उजळते, पहिलीचा खळगा जास्त अरुंद असतो. अशा पट्टीला एक ते तीन लाखांची तरतूद ठेवा. वजन करून पाहिलं तर ती सोळा मिलिग्रॅम भरते, वांद्र्याच्या हिरेबाजाराच्या भाषेत आठ सेंट. दीड लाखाला घेतली तर कॅरेटमागे भाव एकोणीस लाखांच्या जवळ जातो. ऐकून धक्का बसतो, पण इथे कॅरेटचं गणित करूच नये. भाव ठरतो तो तीन आकड्यांवर: नायट्रोजन किती, एनव्ही किती, आणि स्पिन किती वेळ सुसूत्र राहतो. विक्रेत्याकडून हे तीन आकडे लेखी घ्या. जो देऊ शकत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

महागडी पट्टी घ्यावी की नाही, याची एक परीक्षा मी सांगतो. चांगल्या सीव्हीडी हिऱ्यात मायक्रोवेव्हची ताकद कमी केली की खळग्याच्या आत तीन दाते दिसतात, एकमेकांपासून २.१६ मेगाहर्ट्झवर. ते नायट्रोजनच्या अणुगर्भाचे असतात. तुमच्या मांडणीत लेझर थरथरतो, चुंबक हलतो, मायक्रोवेव्ह जादा जातो, म्हणून ते दाते दिसतच नसतील, तर महाग पट्टीने काही फरक पडणार नाही. आधी स्वस्त खड्यावर मांडणी सुधारा.

आणखी वर गेलं की "इलेक्ट्रॉनिक ग्रेड" हिरे येतात. त्यांत नायट्रोजन अब्जात पाचाहूनही कमी. हे फक्त एकेकट्या केंद्राच्या कामासाठी. त्यातही कार्बन-१३ काढून टाकलेला हिरा असेल तर किंमत पुन्हा चढते, कारण निसर्गातल्या कार्बनमध्ये १.१ टक्का असणारा हा समस्थानिक आपल्या अणुगर्भाच्या चुंबकत्वाने एनव्हीला सतत त्रास देतो. २००९ मध्ये अशा शुद्ध केलेल्या हिऱ्यात साध्या तापमानाला १.८ मिलिसेकंदांची सुसूत्रता मिळाली होती. महाविद्यालयाला याची गरज नाही.

आमची फसगत

पहिल्या वर्षी आम्ही पैसे वाचवायला गेलो. एका व्यापाऱ्याने "क्वांटमला चालणारे" म्हणून पाच लॅब-ग्रोन खडे दिले. पांढरे शुभ्र, पाण्यासारखे. दोन आठवडे आम्ही लेझर जुळवत होतो, भिंगं बदलत होतो, रात्री अकराला घरी जात होतो. लाल म्हणून काही दिसेना. शेवटी कळलं की ते रंगहीन एचपीएचटी होते. दागिन्यासाठी हिरा पांढरा हवा म्हणून तो घडवताना धातूच्या रसात मुद्दाम अशी मूलद्रव्यं घालतात, की ती नायट्रोजन ओढून घेतात. नायट्रोजनच नाही, तर एनव्ही कुठून येणार? व्यापाऱ्याने खोटं सांगितलं असंही म्हणता येत नाही. त्याच्या हिशेबी पांढरा तेवढा चांगला. पण पैसे परत मिळाले नाहीत, आणि मुलांचे दोन आठवडे गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून नियम केला आहे. खडा दुकानातच तपासायचा. हिरवा लेझर, डोळ्यांवर लाल-नारिंगी गॉगल. खडा गॉगलमधून निखाऱ्यासारखा दिसला तर पुढची बोलणी. तेवढ्यानेही भागत नाही, कारण जादा इलेक्ट्रॉन नसलेलं एनव्हीही उजळतं, त्याची रेघ ५७५ नॅनोमीटरला असते आणि ओडीएमआरला ते उपयोगी नाही. म्हणून नमुना घेऊन जवळच्या विद्यापीठातल्या रामन यंत्रावर ५३२ नॅनोमीटरच्या लेझरने वर्णपट काढून घ्यायचा. ६३७ ची रेघ ठळक हवी. शैक्षणिक संस्थेला या तपासणीचं शुल्क फार नसतं.

दागिन्यांच्या बाजारातला एक धागा इथे जोडण्यासारखा आहे. प्रक्रिया करून गुलाबी केलेले जे लॅब-ग्रोन हिरे मिळतात, त्यांचा गुलाबी रंग बहुधा याच एनव्ही केंद्रांचा असतो. म्हणजे वाढदिवसाच्या अंगठीत क्वांटम सेन्सर बसवलेला असू शकतो. एक छोटा गुलाबी खडा आणून त्यावर ओडीएमआर काढण्याचा प्रयोग मुलांना फार आवडतो, आणि खडा शास्त्रीय पट्टीपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो.

देशातच करून घ्यायचं असेल

सुरतेत सीव्हीडीच्या भट्ट्या आहेत, आणि औद्योगिक पिवळं एचपीएचटी चूर्ण तर घासकामाच्या चाकांसाठी कुठेही मिळतं, अगदी किरकोळ भावात. राहतात दोन कामं: रिकाम्या जागा पाडणं आणि त्या नायट्रोजनशेजारी नेऊन बसवणं. पहिल्यासाठी इलेक्ट्रॉनांचा झोत लागतो. खारघरला भाभा अणुसंशोधन केंद्राचं इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे, तिथे १० आणि ३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचे त्वरक आहेत. अशा ठिकाणी संस्थेच्या लेटरहेडवर प्रस्ताव घेऊन जावं लागतं आणि हिशेब झोताच्या वेळेचा असतो. मात्रा भरपूर लागते, चौरस सेंटिमीटरमागे दहाचा सतरावा-अठरावा घात इतके इलेक्ट्रॉन, म्हणजे काही तासांचं काम. एकट्याने जाण्यापेक्षा चार महाविद्यालयांनी मिळून एकाच वेळी कुप्या पाठवल्या तर परवडतं.

दुसऱ्यासाठी निर्वात भट्टी. सुमारे आठशे अंशांना दोन तास. त्या उष्णतेत रिकाम्या जागा जाळीतून भटकू लागतात आणि नायट्रोजनपाशी अडकतात. इथे कंजुषी चालत नाही: भट्टीत हवा शिरली तर हिरा अक्षरशः जळतो, कार्बनच तो. आमचा एक कण असा काळा-करडा होऊन बाहेर आला. तापवल्यानंतरची साफसफाई सल्फ्युरिक, नायट्रिक आणि परक्लोरिक आम्लांच्या उकळत्या मिश्रणात करतात. हे काम ज्या रसायनशाळेत परक्लोरिकसाठीचं वेगळं फ्यूम हूड आहे तिथेच करून घ्या, विद्यार्थ्यांच्या हाती कधीही देऊ नका.

टेबलावरची मांडणी, वस्तूगणिक

लेझरपासून सुरू करू, कारण पहिली चूक इथेच होते. ऑनलाइन मिळणारा पाचशे रुपयांचा हिरवा पॉइंटर घेऊ नका. त्यातला हिरवा प्रकाश ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त किरणांपासून बनवलेला असतो आणि स्वस्त पॉइंटरमधून ते अवरक्त किरण बाहेर गळतात. आपण पुढे जी लाल गाळणी लावतो ती हिरवा अडवते, अवरक्त नाही. सिलिकॉनचा फोटोडायोडही ते पाहतो. परिणामी पडद्यावर भरघोस सिग्नल दिसतो आणि त्यात हिऱ्याचा वाटा नगण्य. त्यापेक्षा थेट ५२० नॅनोमीटरचा लेझर डायोड घ्या, शंभर मिलिवॉटच्या आत, ड्रायव्हर आणि हीटसिंकसह तीन ते पाच हजार. त्याच्यासोबत त्याच तरंगलांबीचे प्रमाणित सुरक्षा गॉगल, चार ते आठ हजार एकाला. मांडणीभोवती दोन जण असतील तर दोन गॉगल. एवढ्या ताकदीचा परावर्तित किरणही डोळ्याला इजा करतो, म्हणून बजेट कमी पडलं तर बाकी काहीही कापा, गॉगल कापू नका.

गाळणी ६५० नॅनोमीटरच्या पुढचं जाऊ देणारी. रंगीत काचेची तीन-चार हजारांत येते, पण ती स्वतःच थोडी उजळते. थर चढवलेली चांगली गाळणी बारा-पंधरा हजारांना पडते आणि इथे पैसे घालणं योग्य आहे. फोटोडायोड मात्र बीपीडब्ल्यू३४ पुरतो, पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला अगदी किरकोळ किमतीत. त्याला एक ऑप-अँप जोडा. तयार प्रवर्धित डिटेक्टर घेतला तर पस्तीस-चाळीस हजार.

मायक्रोवेव्हसाठी एडीएफ४३५१ चिपचा बोर्ड, ३५ मेगाहर्ट्झ ते ४.४ गिगाहर्ट्झ, दोन ते साडेतीन हजार. पाचशेचा मायक्रोकंट्रोलर त्याला चालवतो. या बोर्डची ताकद तोकडी, म्हणून एक वॉटच्या आसपासचा अॅम्प्लिफायर लागतो, पाच ते बारा हजार. वायफायसाठीचा अॅम्प्लिफायर स्वस्त मिळतो म्हणून अनेक जण घेतात, तो २.४ गिगाहर्ट्झसाठी घडवलेला असतो, २.८७ ला त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. डेटाशीटवर २.८७ ला किती वाढ मिळते ते वाचूनच घ्या. आणि अॅम्प्लिफायरच्या तोंडाला काही न जोडता तो कधी चालू करू नका; परतलेली ताकद त्यालाच जाळते. अँटेना म्हणजे तांब्याच्या तारेचा एक मिलिमीटरचा फास, केबलच्या टोकाला सोल्डर केलेला. हिऱ्याचा कण त्या फासाच्या मधोमध काचपट्टीवर चिकटवायचा. यात कारागिरी लागते, खर्च नाही.

हा सगळा प्रकार लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या बंद डब्यात ठेवा. विमानतळांची आणि हवामान खात्याची एस-बँड रडारं २.७ ते २.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, आणि तिथे उघड्यावर प्रक्षेपण करणं कायद्याने चालत नाही. हजार रुपयांच्या डब्यात प्रश्न मिटतो, शिवाय बाहेरचा उजेडही अडतो. चुंबकाला ओढणारा डबा नको म्हणून आम्ही अॅल्युमिनियमचाच घेतला.

खळगा टक्का-दोन टक्क्यांचाच असतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी तो गोंगाटात हरवतो. लॉक-इन अॅम्प्लिफायर विकत घ्यायचा तर काही लाख. पण मायक्रोवेव्हची वारंवारता सेकंदाला हजार वेळा किंचित डोलवायची आणि फोटोडायोडचा सिग्नल संगणकाच्या साउंड कार्डमध्ये घालून त्यातला हजार हर्ट्झचा भाग पायथनमध्ये वेगळा काढायचा, हे फुकटात होतं. मुलं यातच सर्वांत जास्त शिकतात.

बेरीज केली तर केबल, कनेक्टर, भिंगं, होल्डर धरून चाळीस ते पंचाहत्तर हजार. जर्मनीच्या क्यूटूल्सचा क्यूएनव्हीसारखा तयार शैक्षणिक संच घेतला तर हिशेब लाखांत जातो. पण तो पहिल्या दिवसापासून चालतो, वॉरंटी असते. ज्या विभागात सोल्डरिंग करणारं कुणीच नाही, तिथे मी तयार संचच सुचवतो. बंद कपाटात पडलेली अर्धवट मांडणी सगळ्यात महाग पडते.

संशोधनाची पायरी

पंधरा ते चाळीस लाखांच्या मांडणीत बदलतं काय? स्थिर लेझर पाच-आठ लाख. एसआरएसच्या एसजी३८४ सारखा सिग्नल जनरेटर पाच हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे कर धरून सहा-सात लाख. मिनी-सर्किट्सचा सोळा वॉटचा अॅम्प्लिफायर दोन लाखांच्या घरात. खरा लॉक-इन, कंपन शोषणारं टेबल, आणि लाख-दोन लाखांची हिऱ्याची पट्टी.

एवढ्यावर काय मिळेल याचा ढोबळ हिशेब करून पाहा. खळगा एक मेगाहर्ट्झ रुंद, खोली एक टक्का, फोटोडायोडमधून दहा मायक्रोअँपिअर. प्रकाशकणांच्या मूलभूत गोंगाटापुरतं पाहिलं तर एका सेकंदात एक नॅनोटेस्लाच्या सुमारे एक तृतीयांशापर्यंत क्षेत्र मोजता यावं. प्रत्यक्षात लेझरची थरथर त्यावर दहापट-शंभरपट पाणी ओतते. म्हणून पुढचा रुपया हिऱ्यावर घालण्याआधी लेझरचा गोंगाट वजा करणाऱ्या दुसऱ्या फोटोडायोडवर घाला.

आणि तापमान. एनव्हीची वारंवारता अंशामागे ७४ किलोहर्ट्झने उतरते. लेझरने हिरा पाच अंश तापला तर तेवढ्यानेच तेरा मायक्रोटेस्लाचं खोटं क्षेत्र दिसतं, आपल्याकडच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. उपाय फुकट आहे: दोन्ही बाजूंचे खळगे एकत्र मोजा आणि त्यांच्यातलं अंतर घ्या, तापमान दोघांना एकाच बाजूला ढकलतं, त्यामुळे वजाबाकीत निघून जातं.

जागेचाही खर्च धरा. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेली गेली होती, ती का, हे अशी मांडणी चालवल्यावर समजतं. आमच्या इमारतीत लिफ्ट हलली की आलेख हलतो. तळमजल्याची, लिफ्ट आणि पार्किंगपासून दूरची खोली मिळवा. त्यासाठी प्राचार्यांकडे चार खेपा घालाव्या लागल्या तरी घाला.

एकट्या एनव्ही केंद्रासाठी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक लागतो. उत्तम ऑब्जेक्टिव्ह दीड ते चार लाख, पीझो स्कॅनर पाच ते दहा लाख, एकेक प्रकाशकण मोजणारा डिटेक्टर तीन-पाच लाख आणि तो खोलीचा दिवा चुकून लागला तरी खराब होऊ शकतो. लेझर नॅनोसेकंदांत चालू-बंद करणारा मॉड्युलेटर, पल्स जनरेटर. सगळं मिळून साठ लाख ते सव्वा कोट. सॉफ्टवेअरला मात्र पैसे देऊ नका. जर्मनीतल्या उल्म विद्यापीठात लिहिलेलं क्यूडी हे पायथनमधलं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि उत्तम चालतं.

नायट्रोजनऐवजी सिलिकॉन किंवा कथिल असलेल्या रंगकेंद्रांबद्दलही विचारणा होते. क्वांटम इंटरनेटच्या बातम्यांत ती असतात. २०२४ मध्ये हार्वर्डच्या गटाने बोस्टन शहरातल्या ३५ किलोमीटर प्रकाशतंतूतून सिलिकॉनची दोन केंद्रं एकमेकांत क्वांटम पद्धतीने गुंतवून दाखवली. पण सिलिकॉनच्या केंद्राला निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाहून कमी तापमान लागतं, आणि ते देणारं डायल्युशन रेफ्रिजरेटर एकटंच कित्येक कोटींचं. कथिलाचं केंद्र दोन अंशांच्या आसपास भागवतं, तरी क्रायोस्टॅट कोटीच्या पुढेच. हे राष्ट्रीय संस्थांचं काम आहे.

कोटेशनमध्ये न दिसणारे आकडे

परदेशी किमतीवर कुरियर, विमा, सीमाशुल्क आणि १८ टक्के जीएसटी चढला की वस्तू सव्वापट ते दीडपटीला पडते. सरकारी संशोधन संस्थांना पूर्वी मिळणारी पाच टक्के जीएसटीची सवलत जुलै २०२२ मध्ये बंद झाली; जुन्या प्रस्तावांवरून आकडे उतरवणारे इथे हमखास फसतात. पार्सलवर नुसतं "हिरा" लिहिलं असेल तर ते अडकतं. वैज्ञानिक उपयोगाची कृत्रिम हिऱ्याची पट्टी, वजन, वर्गीकरण क्रमांक, सगळं इन्व्हॉइसवर आधीच लिहून घ्या. पट्टी यायला दोन-तीन महिनेही लागतात, म्हणून मार्चअखेरच्या निधीवर तिची ऑर्डर टाकू नका.

कधी विकत घेऊ नये

तुम्हाला फक्त एखाद्या ठिकाणचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं असेल, तर हिरा घेऊ नका. फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटर कमी पैशांत, कमी कटकटीत ते काम जास्त चांगलं करतो. हिरा जिंकतो तो जवळून पाहण्यात: चिपच्या तारांतला प्रवाह, पेशीतलं तापमान, चुंबकीय पदार्थातल्या नॅनोमीटरच्या रेषा. टोकाला एनव्ही असलेला स्कॅनिंग सूक्ष्मदर्शक बाझेलची क्यूनामी आणि झुरिकची क्यूझाब्रे या कंपन्या देतात, पण त्याचं टोक झिजतं, तुटतं. यंत्राबरोबर दरवर्षीच्या टोकांची तरतूद नसेल तर ते यंत्र दोन वर्षांत शोभेचं होईल.

आणि घेण्याआधी पवईला जाऊन या. १९ एप्रिल २०२३ ला मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये संवेदन आणि मापनशास्त्राचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे, तिथे एनव्ही हिऱ्यांवर अनेक वर्षं काम चालू आहे आणि २०२४ मध्ये टीसीएसबरोबर चिप तपासणाऱ्या हिरा-सूक्ष्मदर्शकाचा प्रकल्प जाहीर झाला. त्याच आवारातल्या सैफ या सामाईक उपकरण केंद्रात ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) यंत्रावर शुल्क भरून नमुना देता येतो. हिऱ्यातला नायट्रोजन खरोखर किती, हे त्यातून समजतं. लाखाची पट्टी घेताना ही तपासणी मी टाळत नाही.

शेवटचं, सांभाळण्याबद्दल. हिरा स्वतः झिजत नाही, उतरत नाही, त्याची मुदत संपत नाही. तो फक्त हरवतो. मागच्या पावसाळ्यात आमची तीन मिलिमीटरची पट्टी चिमट्यातून निसटली आणि टिचकी मारल्यासारखी उडाली. मी गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागलो. दोन विद्यार्थिनी झाडू आणायला निघाल्या, तेव्हा आमचे प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, "सर, झाडू नका मारू. दिवे घालवा." त्यांनी हिरवी बॅटरी घेतली, लाल गॉगल लावला आणि फरशीवर हळूहळू प्रकाश फिरवला. कपाटाच्या पायाशी, धुळीच्या रेघेत, एक लाल ठिणगी दिसली. आता तो गॉगल आणि ती बॅटरी दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते, आणि पट्टी उचलायची असेल तेव्हा टेबलावर आधी पांढरा टर्किश टॉवेल पसरायचा, असा दंडक आहे. टॉवेल दीडशे रुपये.